‘कनू’ शब्दाची व्युत्पत्ती आणि मराठीतील ‘डोणी’ : एक शब्दचिकित्सा

इंग्रजीतील ‘कनू’ या शब्दासाठी मराठी भाषांतरकार ‘होडी’, ‘लहान नाव’, ‘डोंगी’ असे पर्याय योजताना दिसतात. आणि ज्यांना हे पर्याय अपुरे वाटतात ते मूळ शब्दच ‘कॅनो’, ‘कॅनू’, ‘कनू’ अशा निरनिराळ्या रूपांनी देवनागरीत उतरवतात. ही अनिश्चितता केवळ लिप्यंतराची नाही. या शब्दाने नेमकी कोणती वस्तू सूचित होते, याविषयीच आपल्या मनात संदिग्धता आहे. ‘होडी’ म्हणून भागते, असे म्हणता आले असते. परंतु नेहमीच भागत नाही. डॅनियल डीफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) या कादंबरीतील एक प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. क्रूसो एक प्रचंड वृक्ष तोडतो, महिनोन्महिने खपून त्याचे खोड कोरतो आणि शेवटी ती नौका पाण्यापर्यंत नेणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, हे त्याच्या लक्षात येते. येथे केवळ ‘होडी’ म्हटले की फळ्या जोडून केलेली, दोघांनी ओढून नेण्याजोगी वस्तू मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते आणि क्रूसोच्या फजितीचे कारणच अस्पष्ट होते. ती नौका अखंड खोडाची आहे, म्हणूनच ती हलत नाही. प्रसंगाचा सारा भार त्या ‘अखंड’पणावर आहे.

प्रस्तुत लेखात ‘कनू’ शब्दाच्या उगमाचा आणि अर्थांतराचा विचार करून, त्या अनुषंगाने मराठीतील ‘डोणी’ आणि ‘सांगड’ या दोन शब्दांकडे नव्याने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

‘कनू’ हा शब्द इंग्रजीत स्पॅनिश ‘कानोआ’पासून आला, याविषयी अभ्यासकांत एकमत आहे. इंग्रजीतील त्याची पहिली नोंद १५५५ सालची, रिचर्ड ईडनने केलेल्या पीटर मार्टरच्या ग्रंथाच्या भाषांतरातील आहे. तेथे रूपही स्पॅनिशच आहे. पुढे सुमारे दोन शतके अंत्य स्वर आणि वर्णलेखन सतत बदलत राहिले आणि आजचे रूप बरेच उशिरा स्थिर झाले. स्पॅनिशमध्ये मात्र हा शब्द कोणत्या दिवसांत आला, हे जवळजवळ बोट ठेवून सांगता येते. व्युत्पत्तिशास्त्रात असे भाग्य क्वचितच लाभते.

कोलंबसाची पहिल्या सफरीची (१४९२-९३) रोजनिशी मूळ स्वरूपात उपलब्ध नाही. बार्तोलोमे दे लास कासास याने केलेला तिचा सारांश तेवढा आपल्या हाती आहे. बेटावर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, म्हणजे १३ ऑक्टोबर १४९२ च्या नोंदीत एकाच झाडाच्या खोडातून कोरलेल्या, लांबट नौकांचे वर्णन येते. काहींत चाळीस-पंचेचाळीस माणसे मावत, काही एकाच माणसापुरत्या होत्या. वल्ही भटारखान्यातील फावड्यासारखी होती. नौका उलटली की माणसे पोहत ती सरळ करीत आणि भोपळ्याच्या तुंब्यांनी पाणी उपसून टाकीत. वर्णन इतके नेमके, परंतु वस्तूला दिलेले नाव आहे ‘आल्मादिया’. हा शब्द अरबी ‘अल्-मअदिया’वरून, म्हणजे पैलतीरी नेणाऱ्या नावेच्या वाचक शब्दावरून, इबेरियन भाषांत आलेला होता. नवी वस्तू दिसली की भाषा प्रथम आपल्या जुन्या पेटाऱ्यात हात घालते, याचे हे उत्तम उदाहरण होय. २६ ऑक्टोबरच्या नोंदीत मात्र या ‘आल्मादिया’ म्हणजेच ‘कानोआ’ असे स्पष्टीकरण येते. हे स्पष्टीकरण कोलंबसाचे की लास कासासचे, हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. लीळाचरित्राच्या पाठपरंपरेशी परिचय असलेल्या मराठीच्या अभ्यासकाला या अडचणीचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सुदैवाने १४९३ मध्ये बार्सिलोना येथे छापल्या गेलेल्या कोलंबसाच्या पत्रात ‘कानोआ’ हे रूप निःसंदिग्धपणे आढळते. तेव्हा १४९२ च्या ऑक्टोबरपासून पत्र लिहिले जाईपर्यंतच्या काही महिन्यांतच या शब्दाने ‘आल्मादिया’ची जागा घेतली, हे निश्चित मानता येते.

याच पत्राचा जो लॅटिन अनुवाद १४९३ मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाला, त्यात अनुवादकाने हा स्थानिक शब्द ठेवला नाही. ‘सघन लाकडाच्या होड्या’ अशा अर्थाची वर्णनपर रचना त्याने केली. युरोपभर वाचला गेला तो हा लॅटिन अनुवाद. तरीही टिकला तो लोकभाषेने जसाच्या तसा उचललेला शब्द, लॅटिनमधील शुद्ध वर्णन नव्हे. परिभाषा घडविणाऱ्यांनी या घटनेचा विचार अवश्य करावा. एवढेच नव्हे, तर १४९५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आंतोनिओ दे नेब्रिहाच्या स्पॅनिश-लॅटिन कोशात ‘कानोआ’ला स्वतंत्र नोंद मिळाली. युरोपीय कोशात स्थान मिळालेला हा अमेरिकेतील पहिला शब्द मानला जातो. नेब्रिहाने त्याचा अर्थ ‘एका लाकडाची नौका’ असा देऊन लॅटिन पर्याय म्हणून ‘मोनोक्सिलुम’ हा ग्रीक मुळाचा शब्द दिला आहे. ग्रीकमध्ये ‘मोनो’ म्हणजे एक आणि ‘क्सिलोन’ म्हणजे लाकूड. या पर्यायाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

हा शब्द मूळचा कोणाचा? कोलंबसाला प्रथम भेटलेले बहामा बेटांवरील लुकायन लोक टाइनो भाषिक होते आणि टाइनो ही अरावाक कुळातील भाषा होती. १४९२ च्या ऑक्टोबरमध्ये स्पॅनिश खलाशांच्या कानांवर हा शब्द पडला तो त्यांच्याच तोंडून. तथापि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कॅरिब कुळातील भाषांतही ‘कनावा’ अशी रूपे विस्तृत प्रदेशात आढळतात. फ्रेंच धर्मोपदेशक रेमों ब्रतों याने १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅरिब-फ्रेंच कोशात ‘कानाउआ’सारखे रूप मोठ्या नौकेसाठी आहे, लहान नौकेसाठी ‘कुलियाला’ हा निराळा शब्द आहे. अरावाक आणि कॅरिब ही दोन भिन्न भाषाकुले असली, तरी त्यांचे भाषक शतकानुशतके एकाच समुद्रावर वावरत होते, परस्परांशी व्यापार करीत होते, लढत होते. नौकेचे नाव अशा परिसरात एका कुळातून दुसऱ्या कुळात जाणे अत्यंत स्वाभाविक आहे. स्पॅनिशने तो अरावाक मुखातून घेतला एवढे सिद्ध आहे. त्यापूर्वीच्या देवघेवीची दिशा सिद्ध झालेली नाही, आणि तसे मोकळेपणाने म्हणणेच शास्त्रशुद्ध होय.

या संदर्भात एका विक्षिप्त मताचा परामर्श घेणे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल. हार्वर्ड विद्यापीठातील लिओ वीनर यांनी १९२० च्या सुमारास असे प्रतिपादन केले की ‘कानोआ’ हा अमेरिकेतील शब्दच नव्हे. लॅटिन ‘स्काफा’ (लहान होडी) या शब्दाच्या गॉथिक वळणाच्या हस्तलिखितातील चुकीच्या वाचनातून तो निर्माण झाला. कल्पना चतुर आहे. परंतु मग ज्यांनी कोलंबसाचे पत्र कधी पाहिलेच नव्हते, अशा अंतर्भागातील लोकांच्या भाषांत तो कसा पोहोचला? स्पॅनिश लोकांकडूनच त्यांनी तो घेतला असेल, असे यावर उत्तर दिले जाऊ शकते. येथे रूपविचार निर्णायक ठरतो. ‘कनावा’सारख्या त्रिअक्षरी, ‘व’कारयुक्त रूपातून ‘कानोआ’ कसे झाले, हे स्वरसंकोचाने सहज सांगता येते. ‘कानोआ’तून अनेक परस्परदूर भाषांत ‘व’कारयुक्त रूपे एकसारखी कशी निर्माण झाली, हे सांगणे अवघड आहे. साम्य शोधणे सोपे असते. उद्या एखादा उत्साही विद्यार्थी ‘कनू’मधील अंत्याक्षरात संस्कृत ‘नौ’ पाहू लागला, तर त्यालाही हीच विचारणा करावी लागेल: पहिली नोंद कधीची, ती कोणाच्या तोंडची, आणि मधल्या प्रत्येक रूपाची संगती ध्वनिनियमांनी लागते काय?

टाइनो समाजाची पुढील कथा सर्वज्ञात आहे. सक्तीची वेठ, उपासमार आणि १५१८ पासूनची देवीची साथ यांनी काही दशकांतच त्या बेटांवरील लोकसंख्या उद्ध्वस्त झाली आणि भाषा बोलणारे उरले नाहीत. वंश मात्र समूळ नष्ट झाला, असे आता म्हणता येत नाही. बहामामधील एलूथेरा बेटावर सापडलेल्या एका प्राचीन दाताच्या जनुकीय अभ्यासातून (२०१८) आजच्या प्वेर्तो रिको येथील लोकांशी त्यांचे नाते स्पष्ट झाले आहे. भाषेपुरते बोलावयाचे तर ती उरली आहे इतरांच्या भाषांत विखुरलेल्या काही शब्दांतून. त्यांतील एक शब्द आपण रोज उच्चारतो. ‘बटाटा’ हा मराठी शब्द पोर्तुगीज ‘बताता’वरून आला आणि तो मूळचा टाइनो आहे, तेथे तो रताळ्याचा वाचक होता. ‘बटाटा’ पोर्तुगीज जहाजांतून सोळाव्या शतकानंतर केव्हातरी थेट आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि इतका रुळला की त्याचे परकेपण आज कोणाला जाणवत नाही. त्याचाच भाऊबंद ‘कानोआ’ मात्र इंग्रजीमार्गे, पुस्तकांतून आणि क्रीडावृत्तांतून आला आणि अद्याप पाहुणाच राहिला आहे.

पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर ‘कानोआ’ का आणला नाही, याचे उत्तर त्यांच्या लेखनातच आहे. हिंदुस्थानातील छोट्या नौकांसाठी ते ‘आल्मादिया’ हाच जुना शब्द वापरीत राहिले. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात त्याची स्वतंत्र नोंद आहे. अटलांटिकच्या एका बाजूला जो शब्द काही महिन्यांत मागे पडला, तोच हिंदी महासागरात दीर्घकाळ टिकून राहिला. मराठीत मात्र तो रुजल्याचे दिसत नाही. त्याचे कारण उघड आहे: येथे त्या वस्तूला नावे होतीच.

अर्थांतराच्या दृष्टीने पाहता, ‘कनू’च्या मूळ अर्थात दोन घटक होते, नौका अखंड खोडातून कोरलेली असणे आणि ती वल्ह्यांनी चालविली जाणे. लहानपणा हा घटक त्यात मुळीच नव्हता. सत्तर-ऐंशी माणसांच्या नौकांचा उल्लेख १४९३ च्या पत्रातच आहे. आणि चौथ्या सफरीत, १५०२ मध्ये, होंडुरासजवळच्या ग्वानाहा बेटापाशी दिसलेली व्यापारी नौका तर आठ फूट रुंद होती व तिच्यावर पंचवीस वल्हेकरी होते. पुढे फ्रेंच आणि इंग्रज वसाहतकारांनी उत्तर अमेरिकेतील बर्च वृक्षाच्या सालीच्या हलक्या नौकांना हाच शब्द लावला आणि ‘अखंड खोड’ हा घटक गळून पडला. पाठीवर वाहून नेता येईल अशी वस्तू आणि क्रूसोला जागची हलविता न आलेली वस्तू, दोन्ही ‘कनू’च! जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश प्रवाशाने १८६६ मध्ये ज्या ‘कनू’तील प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले, ती रचनेने खरे तर आर्क्टिक प्रदेशातील ‘कयाक’च्या जवळची होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून या जलक्रीडेला पदके मिळू लागली आणि तेथे एकपाती वल्ह्याची ‘कनू’ व दुपाती वल्ह्याची ‘कयाक’ असा काटेकोर भेद पाळला जातो. तात्पर्य, आजच्या इंग्रजी शब्दाचा एकच मराठी पर्याय शोधणे हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. मूळ वस्तूसाठी एक शब्द आणि विस्तारित अर्थासाठी दुसरा, असे मानले पाहिजे.

मूळ वस्तूसाठी मराठीजवळ ‘डोणी’ आहे. तिचे मूळ संस्कृत ‘द्रोणी’त आहे. ‘द्रोण’ शब्द ऋग्वेदात सोमरसाच्या लाकडी पात्राच्या अर्थाने येतो आणि त्याचा संबंध ‘द्रु’ (लाकूड, वृक्ष) या शब्दाशी जोडला जातो; ‘दारु’ (काष्ठ) आणि ग्रीक ‘द्रूस’ (ओक) हे त्याचेच सगोत्र. ‘द्रोण’ हे पुढे धान्य मोजण्याचे माप झाले, पळसाच्या पानांचा खोलगट द्रोण झाला. द्रोणाचार्यांचे नावही जन्मकथेतील पात्रावरूनच पडले. ‘द्रोणी’ म्हणजे लाकडाची खोलगट पन्हळ अथवा कुंड. भरत अयोध्येस येईपर्यंत दशरथाचा देह ज्यात ठेवला ती ‘तैलद्रोणी’ रामायणाच्या वाचकांना आठवेल. पाली वाङ्मयात बुद्धाच्या देहाच्या संदर्भातही ‘तेलदोणी’ येते. आणि याच ‘द्रोणी’ला, पाली ‘दोणी’ला, ‘कोरीव नौका’ असा अर्थ आहे. मराठीत गुरांना पाणी पाजण्याची ‘डोण’ आणि नौकावाचक ‘डोणी’ एका घरच्या आहेत. आद्य ‘द्र’चा ‘ड’ होणे हे रकाराच्या सान्निध्याने होणाऱ्या मूर्धन्यीकरणाचे उदाहरण होय. कन्नडमध्ये ‘दोणी’, तमिळमध्ये ‘तोणी’, मालदीवमध्ये ‘धोनी’ आहे. तमिळ शब्द संस्कृतातून आला की दोहोंचे मूळ निराळे, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत.

यापेक्षाही लक्षणीय आहे तो अर्थाचा मार्ग. लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिशमध्ये ‘कानोआ’चा अर्थ पुढे ‘गुरांना चारापाणी देण्याचे लाकडी कुंड’ आणि ‘पाणी वाहून नेणारी पन्हळ’ असाही झाला. म्हणजे तेथे नौकेची डोण झाली, आणि आपल्याकडे डोणीची नौका. या दोन भाषांचा या शब्दांपुरता काडीचाही संबंध नाही. तरीही दोघी एकाच वाटेने, विरुद्ध दिशांनी चालल्या. कारण उघड आहे. एका सुताराच्या हातून, एकाच प्रकारच्या वाकसाने, एकाच ओंडक्यातून या दोन्ही वस्तू निघतात. पाणी आत ठेवले की डोण, पाणी बाहेर ठेवले की नौका. टर्नर यांनी आपल्या इंडो-आर्यन तौलनिक कोशात (१९६६) ‘डोंगा’, ‘डोंगी’ या शब्दांचा गट ‘द्रोणी’पासून वेगळा काढला आहे, परंतु त्या गटातही कुंड, कोरीव नौका आणि पळी हे अर्थ एकत्र नांदतात. वैनगंगेच्या खोऱ्यात ‘डोंगा’ आजही बोलीत आहे. वस्तूची घडण शब्दाच्या अर्थाला वळण देते, हे ज्यांना केवळ सिद्धांत म्हणून माहीत आहे, त्यांनी हे दोन-तीन शब्दसमूह समोर ठेवून पाहावेत.

नेब्रिहाच्या ‘मोनोक्सिलुम’कडे आता वळू. हा शब्द त्याने नव्या वस्तूसाठी योजला खरा, पण तो खऱ्याखुऱ्या हिंदुस्थानच्या बाबतीत चौदा शतकांपूर्वीच वापरला गेला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने केरळच्या किनाऱ्यावर मिरी वाहणाऱ्या एकलाकडी नौकांचा उल्लेख केला आहे. त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमार्गदर्शकात पूर्व किनाऱ्याच्या वर्णनात मोठ्या एकलाकडी नौका एकमेकींना जोडून केलेल्या जलयानांना ‘संगर’ म्हणतात, अशी नोंद आहे. आपण हिंदुस्थानास पोहोचलो या समजुतीत असलेल्या कोलंबसाने आणलेल्या शब्दाला त्याच हिंदुस्थानातील नौकांचे जुने ग्रीक नाव मिळावे, हा योगायोग गमतीचा आहे.

पेरिप्लसमधील या ‘संगर’शी ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात (१९२०) मराठी ‘सांगड’ची तुलना केली आहे. ‘सांगड’ म्हणजे दोन डोण्या किंवा ओंडके एकत्र बांधून केलेले तरण्याचे साधन. त्यामागे संस्कृत ‘संघाट’ (लाकडांची जोडणी) आहे. आपण समीक्षालेखांत ‘आशय आणि अभिव्यक्ती यांची सांगड’ घालतो, अर्थसंकल्पात उत्पन्न आणि खर्च यांची सांगड घालतो. त्या शब्दाखाली पाणी आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. वस्तू गेली, वाक्प्रचार उरला. ‘डोणी’ला असा वाक्प्रचारही लाभला नाही, म्हणून ती अधिक वेगाने विस्मृतीत जात आहे. कोकणच्या किनाऱ्यावर आंब्याच्या खोडाच्या कोरीव होड्या आणि त्यांना एका अंगाने जोडलेली ‘उलांडी’ हा जेम्स हॉर्नेल यांच्या भारतीय नौकांवरील प्रबंधाचा (१९२०) अभ्यासविषय होता. फायबरच्या होड्या आल्यापासून खोड कोरणारे कमी झाले आणि त्यांच्याबरोबर त्या घडणीच्या भागांची नावेही बोलीतून निघून चालली आहेत. शब्दसंकलनाचे काम विद्यापीठीय प्रबंधांतून व्हावयाचे असेल, तर ते ही नावे सांगणारी पिढी हयात असतानाच व्हावयास हवे. मालवण-देवगडपासून गडचिरोलीपर्यंत त्यासाठी क्षेत्र पडलेले आहे, आणि साहित्यकृतींच्या आस्वादपर प्रबंधांत पडणारी दरवर्षीची भर पाहता, दोन-चार विद्यार्थी या कामाकडे वळले तर कोणाचे नुकसान होणार नाही.

भाषांतरापुरते बोलावयाचे तर क्रूसोची, कोलंबसाला दिसलेली, किंबहुना कोणतीही कोरीव नौका मराठीत ‘डोणी’ म्हणावी. देशावरच्या वाचकाला शब्द अपरिचित वाटेल, हा आक्षेप फारसा टिकणारा नाही. ज्याने पानाचा द्रोण पाहिला आहे त्याला डोणीचा आकार समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘अखंड खोडाची’ एवढे विशेषण जोडले की पुरे. सालीची नौका असेल तेथे ‘सालीची कनू’ असे म्हणून परका शब्द परका म्हणूनच राहू द्यावा, कारण ती वस्तूही आपली नाही. क्रीडावृत्तांत ‘कनू’ आणि ‘कयाक’ हे भेद तसेच पाळावेत. ‘लहान होडी’ हा पर्याय मात्र कोशांतून काढून टाकण्यास हरकत नसावी. ग्वानाहाजवळची ती पंचवीस वल्ह्यांची नौका कोणत्याही अर्थाने लहान नव्हती.